बंद नाट्यगृहासाठी आमदारांकडे जाताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेचे नाट्यगृह दुरुस्तीच्या नावाखाली ४ वर्षे बंद आहे. गावातील रसिकांनी ‘शासनाने कला व संस्कृतीला भरीव निधी द्यावा’ असे निवेदन तयार करून त्यावर ५०० सह्या जमवल्या असून ते आमदारांना द्यायचे आहे. तुम्ही स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षिका आहात आणि तुम्हाला दोन शंका आहेत : अशा निवेदनाने खरोखर काही होते का, आणि गावात एक दिवसाआड पाणी येत असताना नाटकासाठी सरकारकडे पैसे मागणे शोभते का. गेली २८ वर्षे मी एका हौशी नाट्यसंस्थेचा कार्यवाह आहे आणि या काळात नाटके बसवण्यापेक्षा अर्ज-विनंत्यांतच माझा अधिक वेळ गेला आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आमदारांकडे जावेच, परंतु हे निवेदन घेऊन जाऊ नये.

माझे पहिले निवेदन असेच होते. दीड पानाच्या त्या पत्रात १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला इथपासून सुरुवात करून लोकशाहीत राजाची जागा सरकारने घेतली पाहिजे इथपर्यंत सगळे होते. फक्त आम्हाला नेमके काय हवे ते नव्हते. दोन महिन्यांनी ‘आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले आणि आम्ही सगळे संतापलो. आज मला त्या उत्तरात काही गैर वाटत नाही. ज्या पत्रात कामाचे नाव नाही, रक्कम नाही आणि ते काम कोणत्या कार्यालयाचे आहे हेही नाही, ते पत्र पुढे पाठवण्याखेरीज लोकप्रतिनिधी दुसरे काय करणार? कलेला पाठिंबा द्यावा असे म्हटले की प्रत्येक आमदार मान डोलावतो, कारण त्याला त्याचा काहीच खर्च येत नाही.

म्हणून आधी पैसा कोणाच्या खिशातून यायचा आहे ते ठरवावे लागते. तुमचे नाट्यगृह नगरपरिषदेच्या मालकीचे आहे, म्हणजे पहिला खिसा नगरपरिषदेचा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे आणि त्यात १३व्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा विषय आहे, हे मुख्याधिकाऱ्यांना ठाऊक असते. तुम्हालाही ठाऊक आहे हे त्यांना कळले की बोलण्याचा सूर बदलतो. दुसरा खिसा जिल्हा नियोजन समितीचा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात आणि शहरांतील सुविधांसाठीच्या नगरोत्थानसारख्या योजनांची जिल्हास्तरीय कामे तिथून मंजूर होतात. तिसरा खिसा आमदारांच्या स्थानिक विकास निधीचा. तो २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटी रुपये झाला, पण त्यातून टिकाऊ बांधकामे होतात, महोत्सव किंवा प्रयोग होत नाहीत, आणि ५ कोटींत संपूर्ण मतदारसंघ बसवायचा असतो. चौथा खिसा राज्य शासनाचा. त्यात नगरविकास विभागाकडून नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी मिळणारे अनुदान आणि सांस्कृतिक कार्य विभागाच्या तरतुदी असे दोन कप्पे आहेत. यांपैकी कोणत्या खिशात हात घालायचा हे तुमच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. नगरपरिषदेची घरपट्टी-वसुली बरी असेल तर पहिला खिसा पुरतो. नसेल तर मुख्याधिकारी स्वतःच तुम्हाला आमदारांकडे पाठवतील, आणि तसे त्यांनी केले तर त्यांच्याकडून एक कागद मागून घ्यावा. तो कोणता, ते पुढे सांगतो.

त्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज करावा. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. गेल्या ५ वर्षांत नाट्यगृहाच्या दुरुस्ती व देखभालीसाठी दरवर्षी तरतूद किती केली, प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार असल्यास त्याची प्रत, एवढेच विचारावे. तरतूद आणि खर्च यांतील फरक पाहून पुष्कळ मंडळींचे डोळे उघडतात. माझ्या माहितीतल्या एका गावात नाट्यगृहाच्या नावाने सलग ३ वर्षे तरतूद होत होती आणि मार्चअखेरीस ती दुसऱ्या कामाकडे वळवली जात होती. तिथे निधी मागण्याची गरजच नव्हती, असलेला निधी जागेवर ठेवण्याची मागणी करायची होती. अशा वेळी ‘भरीव निधी द्या’ म्हणणारे निवेदन उलट अडचणीचे ठरते, कारण त्यातून आजवर निधी नव्हता असे आपणच लिहून दिल्यासारखे होते.

यानंतर एकदा प्रत्यक्ष नाट्यगृह पाहून घ्यावे. मुख्याधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि सोबत गावातला एखादा निवृत्त स्थापत्य अभियंता, एक वायरमन आणि नाटकाचा नेपथ्य-प्रकाश लावणारा माणूस न्यावा. आम्ही असे एक बंद नाट्यगृह पाहायला गेलो तेव्हा कुलूप उघडताच आधी कबुतरे उडाली. छत गळते असे सगळे सांगत होते, पण गळत होता तो फक्त बाल्कनीवरचा एक पत्रा, आणि त्याखालच्या ३ रांगांतील खुर्च्यांचा फोम कुजला होता. खरे दुखणे वेगळेच निघाले. विंगेतला वीजफलक जळका होता, दर्शनी पडद्याच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, जनरेटर होता पण त्याची बॅटरी कोणीतरी नेली होती, आणि ग्रीन रूमच्या स्वच्छतागृहाला पाण्याची जोडणी कधी दिलेलीच नव्हती. त्या नाट्यगृहात नाटक करून गेलेल्या कितीतरी अभिनेत्रींनी शेजारच्या एका घरातील बाईंच्या परवानगीने त्यांचे स्वच्छतागृह वापरले होते, हे आम्हाला त्या दिवशी त्या बाईंकडूनच कळले. नूतनीकरणाचा जो मोठा आराखडा कार्यालयात पडून होता त्यात संगमरवरी प्रवेशद्वार होते, कारंजे होते. पाण्याच्या जोडणीचा उल्लेख नव्हता. आम्ही कामांचे दोन भाग केले : ज्यांच्याविना पडदा उघडता येत नाही ती कामे आणि नंतर केली तरी चालतील ती कामे. पहिल्या भागाचा खर्च मूळ आराखड्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी निघाला आणि आमदारांसमोर आम्ही तोच आकडा ठेवला.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण ती प्रामाणिक आहे आणि तुम्ही कुठेही गेलात तरी समोरचा माणूस तीच बोलून दाखवणार आहे. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले असतील आणि पाणीयोजना अर्धवट पडली असेल, तर त्या महिन्यात नाट्यगृहाचे शिष्टमंडळ घेऊन जाऊ नये. ते कानाआड होईल आणि गावात तुमच्याविषयी कडवटपणाही येईल. मात्र पाणी आणि नाट्यगृह यांचा पैसा बहुतेक वेळा एकाच हिशेबातून येत नाही. पाणीपुरवठ्याच्या योजना वेगळ्या, त्यांची लेखाशीर्षे वेगळी, आणि नाट्यगृह बंद ठेवल्याने वाचलेला पैसा नळाला येत नाही. तो बहुधा स्वागतकमानीला किंवा चौकातल्या सुशोभीकरणाला जातो. म्हणून ‘पाणी की नाटक’ असा प्रश्न कोणी टाकला तर या वर्षी सुशोभीकरणावर किती खर्च झाला ते नम्रपणे विचारावे. शिवाय तालुक्याच्या गावातले नाट्यगृह नुसते नाटकाचे नसते. शाळांची स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला, भजन स्पर्धा, नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम, बचत गटांचे मेळावे हे सगळे तिथे होते. ४ वर्षे ते कुठे होत आहेत? मंगल कार्यालयात, तिथल्या भाड्यात, आणि ते भाडे शेवटी पालकच देत आहेत. तुमच्या शाळेने गेल्या ४ वर्षांत स्नेहसंमेलनाच्या जागेवर किती खर्च केला तो आकडा काढा. माझ्या मते तुमच्या ५०० सह्यांहून त्या एका आकड्याचे वजन अधिक पडेल.

यातूनच मागणी कोणी करायची याचेही उत्तर निघते. आम्ही रंगकर्मी पुढे गेलो की आमदारांच्या डोळ्यांसमोर अनुदान मागायला आलेला आणखी एक वर्ग उभा राहतो, आणि त्यांचे ते पूर्णपणे चुकते असेही नाही, कारण प्रयोग आमचा आणि तारीख आम्हालाच हवी असते. प्रेक्षक गेला की प्रश्न मतदाराचा होतो. एका कामासाठी मी ६ जणांचे शिष्टमंडळ नेले होते, त्यात नट एकही नव्हता. एक मुख्याध्यापिका, एक कीर्तनकार, नृत्यवर्गातील मुलींच्या दोन माता, नाट्यगृहासमोर वडापावची गाडी लावणारे एक गृहस्थ आणि एक मंडप-डेकोरेशनवाले असे सहा जण होते. बैठकीत सर्वांत परिणामकारक बोलले ते वडापाववाले. प्रयोग असला की मध्यंतरात आपले किती पाव संपत आणि आता संध्याकाळी ७ लाच गाडी कशी बंद करावी लागते, एवढेच त्यांनी सांगितले. मी मागच्या खुर्चीवर गप्प बसून होतो, आणि गप्प बसणे ही कार्यवाहाची मोठी कसोटी असते. सह्यांविषयीही हेच. एकाच मजकुराखालच्या ५०० सह्या कार्यालयात एक कागद म्हणून मोजल्या जातात, तर वेगवेगळ्या प्रभागांतल्या ४० माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली, पत्ता असलेली ४० पत्रे ४० म्हणून मोजली जातात.

तुम्ही शिक्षिका आहात, त्यामुळे एक दार तुम्हाला अधिक उघडे आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून आणि ७ पदवीधर मतदारसंघांतून निवडून येतात, २२ जागा स्थानिक प्राधिकाऱ्यांच्या, म्हणजे नगरपरिषदांसारख्या संस्थांच्या सदस्यांनी निवडायच्या असतात. आपल्याकडे पत्रे जातात ती नेहमी विधानसभेच्या आमदारांकडेच. परिषदेच्या सदस्यांकडे त्या मानाने गर्दी कमी असते आणि सभागृहात प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार मात्र तोच असतो. माध्यमिक शिक्षिका म्हणून शिक्षक मतदारसंघात तुमचे नाव असेल, किंवा नोंदवता येईल, तर तुमच्या पत्राकडे तिथे दुर्लक्ष करणे अवघड जाते. परिषदेत साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी राज्यपालनियुक्त १२ जागाही आहेत. त्या २०२० पासून कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांपैकी ७ भरल्या गेल्या, आणि त्यांवर कलावंत किती बसतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

वेळेचे गणित चुकले की उत्तम निवेदनही वाया जाते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेला की नाट्यसंस्था जाग्या होतात आणि कलेसाठी काहीच दिले नाही म्हणून पत्रके काढतात; तोपर्यंत सगळे ठरून गेलेले असते. नगरपरिषदेच्या लेखा विभागात पुढच्या वर्षाचे आकडे डिसेंबर-जानेवारीत बसू लागतात आणि जिल्हा नियोजन समितीचा आराखडा, म्हणजे जिल्हा वार्षिक योजना, हाही साधारण त्याच सुमारास आकार घेतो, म्हणून तुमचा कागद नोव्हेंबरअखेर टेबलावर हवा. ती वेळ टळली तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या, ही दुसरी संधी असते. भेटीसाठी अधिवेशनाच्या गर्दीत नागपूरला आमदार निवासाच्या जिन्यात उभे राहण्याचा सोस मी एकदा केला. ६ तासांनी ४ मिनिटे मिळाली. शनिवारी सकाळी मतदारसंघातल्या संपर्क कार्यालयात गेल्यास अर्धा तास मिळतो. आणि आमदारांआधी त्यांच्या स्वीय सहायकाला विषय समजावून सांगावा, कारण तुम्ही गेल्यानंतर पत्राचा मसुदा तोच करणार असतो.

भेटीत मागायच्या गोष्टी दोनच ठेवाव्यात. पहिली तुमच्या गावापुरती : अमुक कामांसाठी अमुक रक्कम अमुक योजनेतून मिळावी, यासाठी जिल्हाधिकारी किंवा संबंधित मंत्र्यांना आमदारांचे पत्र. त्या पत्रासोबत नगरपरिषदेचा ठराव आणि अभियंत्याने तयार केलेले अंदाजपत्रक जोडलेले हवे. मुख्याधिकाऱ्यांकडून मागून घ्यायचा कागद म्हणालो तो हाच ठराव. तो नसेल तर विषय खालून वर जातो आणि ‘स्थानिक संस्थेचा प्रस्ताव प्राप्त नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. दुसरी मागणी राज्यापुरती, आणि इथे तुमच्या निवेदनातला ‘कला व संस्कृतीला निधी’ हा व्यापक मुद्दा खऱ्या अर्थाने कामी येतो. नगरपरिषदांच्या मालकीच्या नाट्यगृहांपैकी किती बंद आहेत आणि सांस्कृतिक कार्य विभागाच्या तरतुदीतून गेल्या ३ वर्षांत प्रत्यक्ष खर्च किती झाला, असा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आमदारांनी विचारावा, अशी विनंती करावी. प्रश्नाचा मसुदा आपणच चार ओळींत लिहून न्यावा. त्याचे लेखी उत्तर जरी आले तरी ते सभागृहाच्या अभिलेखात राहते आणि पुढच्या वर्षी त्याच आकड्यांवर बोलता येते. निधीचा अर्थ नेहमी रोख रक्कम असाच होतो असेही नाही. नाटकाच्या तिकिटावरील जीएसटी-माफीची मर्यादा २०१७ मध्ये २५० रुपये होती, ती जानेवारी २०१८ मध्ये ५०० रुपये झाली. कोणालाही धनादेश न देता रंगभूमीला मिळालेली ती मदतच होती.

निधी जाहीर झाला की पेढे वाटायची घाई करू नये. घोषणेनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि निधीचे प्रत्यक्ष वितरण अशी पाच दारे असतात आणि प्रत्येक दाराशी फाइल झोप काढू शकते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू, त्यामुळे सारे शहर हळहळले आणि शासनालाही पुनर्बांधणीची घोषणा तत्काळ करावी लागली. लोकभावनेचा एवढा रेटा असला की पहिले दार लगेच उघडते. पुढची दारे तिथेही क्रमानेच उघडावी लागतात. पणजीच्या कला अकादमीची गोष्ट आणखी निराळी आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूच्या नूतनीकरणासाठी पैसा कमी पडला असे कोणी म्हणणार नाही, तरीही काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, आणि नंतर झालेल्या कामाच्या दर्जावरून गोव्यातील कलाकारांना आवाज उठवावा लागला. म्हणून निधीसोबत कामावर देखरेख ठेवणारी एक समिती मागावी आणि तिच्यात रंगमंचाची जाण असलेला किमान एक माणूस असावा. वास्तुविशारदांना विंगेची रुंदी किती लागते हे ठाऊक असतेच असे नाही.

आणखी एक अट निवेदनात आताच घालून ठेवावी, नंतर ती कोणी ऐकत नाही. नूतनीकरण झाले, वातानुकूलन आले, की भाडे वाढते. आणि मग ज्या हौशी संस्थांच्या नावाने निधी आला त्यांनाच ते परवडत नाही. शाळा, हौशी संस्था आणि लोककलावंत यांच्यासाठी वेगळे दरपत्रक, महिन्यातल्या ठरावीक तारखा कार्यक्रमांसाठी राखीव, राजकीय मेळाव्यासाठी ठरलेली तारीख काढून घेता येणार नाही असा नियम आणि देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद, एवढे तरी मागावे. देखभालीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बांधकामाला निधी मिळतो कारण त्याला कोनशिला बसते, दोरीला आणि बल्बला कोनशिला बसत नाही. मात्र कोणती नाटके व्हावीत याबाबत निवेदनात अवाक्षरही लिहू नये. आपल्या राज्यात नाटकाच्या संहितेला आधीच परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘संस्कारक्षम नाटकांना प्रोत्साहन’ अशी वाक्ये आपल्याच हाताने लिहून आणखी एक दार बसवून घेण्याची गरज नाही.

इतके करूनही काम होईलच असे मी म्हणणार नाही. नगरपरिषद एका पक्षाची आणि आमदार दुसऱ्या पक्षाचे असतील तर ठराव अडतो. अशा वेळी दोन्हीकडच्या लोकांना एकाच व्यासपीठावर, पण निवडणुकीपासून लांबच्या तारखेला बोलवावे लागते. आचारसंहिता लागली की सगळे थांबते. आमच्या एका कामाला ३ वर्षे लागली आणि त्या काळात ३ मुख्याधिकारी बदलले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला आम्ही त्याच फाइलची छायांकित प्रत दिली, कारण कार्यालयातली मूळ फाइल दर वेळी ‘शोधावी लागेल’ अशा अवस्थेत असे. तेव्हा आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच प्रत्येक कागदावर घ्यावी आणि ती एकाच माणसाकडे ठेवावी.

तुमच्या ५०० सह्या टाकून देऊ नका, त्या परिशिष्ट म्हणून जोडा. निवेदनाची सुरुवात मात्र बदला. मी ती साधारण अशी केली असती : ‘आपल्या मतदारसंघातील नगरपरिषदेचे नाट्यगृह ४ वर्षे बंद असून, पहिल्या टप्प्यातील वीजफलक, छताची गळती, पडदा व ग्रीन रूमची पाणीजोडणी या कामांसाठी नगरपरिषदेच्या सोबत जोडलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे अमुक इतका खर्च अपेक्षित आहे. ही रक्कम येत्या आर्थिक वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेतून उपलब्ध व्हावी, यासाठी आपण मा. पालकमंत्र्यांना पत्र द्यावे, ही विनंती. या काळात शहरातील शाळांनी स्नेहसंमेलनांसाठी खाजगी जागांच्या भाड्यापोटी केलेल्या खर्चाचा तक्ता सोबत आहे.’ यातील कामांची नावे माझ्या गावची आहेत, ती तुमच्या पाहणीनंतर बदलतील. आकडे तुम्हाला काढावे लागतील, आणि त्या तक्त्याची सुरुवात तुमच्याच शाळेच्या कारकुनाकडून होईल.